झाकणाखालचं घर

४ डिसेंबर

दादा,

नमस्कार-चमत्कार राहू देत. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद हातात घेतलाय. कागदाला 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो' असं म्हणता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

आज सकाळी बाबांना धाप लागली. नेहमीची नाही. शेजारच्या मावशी म्हणाल्या, ओठ निळे पडले होते आणि बोलायला गेले तर शब्दाऐवजी नुसती शिट्टी येत होती. मावशींचा फोन आला तेव्हा मी वेधशाळेच्या मैदानात फुगा धरून उभी होते. तुला आठवत नसेल म्हणून सांगते, हायड्रोजन भरलेला फुगा हातात असताना आम्ही फोन जवळ बाळगत नाही, सुती कपड्यांशिवाय दुसरं काही घालत नाही, केसांवरून हातसुद्धा फिरवत नाही. एक ठिणगी पडली की फुगा गेला आणि त्याच्याबरोबर माझ्या भुवयाही गेल्या. साहेब खिडकीतून हाका मारत होते. मी फुगा सोडला, त्याच्या दोरीला बांधलेली उपकरणाची डबी नीट उचलली गेली एवढं बघितलं आणि तशीच पळत सुटले.

पळताना समोर जे दिसलं ते सांगायलाच हे पत्र आहे. काचकारखान्याचं धुराडं. तू उंच केलेलं, ज्याच्या पायथ्याशी कमरेवर हात ठेवून तू फोटो काढून घेतलास ते. त्यातून धूर निघाला, थोडा सरळ वर गेला आणि छताला डोकं आपटावं तसा थबकला. मग आडवा झाला आणि पसरत पसरत चढावरच्या वस्तीत शिरला. गच्च्यांवरून, खिडक्यांतून, सरळ आत. पहिल्या रांगेतलं शेवटचं घर कुणाचं, ते मी तुला सांगायला नको. तूच बांधलंस, आणि खालच्या गावातल्या दोन खोल्यांतून बाबांना उचलून तूच तिथे नेऊन ठेवलंस.

डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, "यांना इथून हलवा. निदान थंडी सरेपर्यंत. आणखी एक असा झटका आला तर ही छाती तो सोसणार नाही." हे त्या बाबांच्या समोरच म्हणाल्या, कारण बाबांना ऐकू गेलं नाही. जन्मभर भट्टीच्या पंख्यांच्या घरघरीत काढल्यावर कानांचं काय राहणार? मग मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. तर हसले. म्हणाले, "खुळी आहेस का? सगळ्या गावात इथली हवा शुद्ध, जेवढं उंच तेवढी चांगली. दादाने सांगितलंय. धूर वर जातो, आपण त्याच्या मुळाशी नाही, बाजूला आहोत."

दादाने सांगितलंय! आपण दोघं एकाच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकलो. तू इंजिनिअर झालास, मी हवामानाकडे गेले. रोज सकाळ-दुपार मी या खोऱ्याच्या हवेत डबी सोडते आणि कुठल्या उंचीवर किती ऊब आहे, किती ओल आहे ते वाचते. पण मी कोण, तर फुगेवाली. हे नाव तूच ठेवलंस आणि बाबांनीही उचललं. माझ्या सांगण्याला त्या घरात काडीची किंमत नाही.

म्हणून तुझ्याकडे मागते. एकच काम कर. मला फोन कर आणि सांग की बाबांनी ते घर सोडून माझ्या क्वार्टरमध्ये राहायला यावं. वेधशाळा खोऱ्याच्या तोंडाशी आहे, इथे वारा वाहता असतो, धूर इकडे फिरकत नाही. बाबांना फोनवर ऐकू येत नाही, पण तुझा शब्द न् शब्द मी त्यांच्या कानात ओरडेन. एवढंच म्हण, 'माझा अंदाज चुकला, थंडीत तिथली हवा वाईट असते.' माझं ते ऐकत नाहीत. तुझं ऐकतील.

फुगेवाली


१३ डिसेंबर

दादा,

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळी, त्यातली एक 'काळजी घे'. धन्य झाले.

'तापमानाचे आकडे तूच दिले होतेस, त्यांची सरासरी काढून उंची ठरवली, गणितात चूक नाही.' वा रे वा! म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. हो, आकडे मीच दिले होते. सकाळच्या फुग्याचे वेगळे, दुपारच्या फुग्याचे वेगळे, आणि बजावून सांगितलं होतं की यांची खिचडी करू नकोस. तू काय केलंस?

थांब, तुला पहिल्यापासूनच सांगते. तुला येतं सगळं, मला माहीत आहे. तरी वाच. बाबांना शिकवायला गेलास ना 'धूर वर जातो' म्हणून, मग आता माझ्या तोंडून ऐक.

ऊन हवेतून येतं, पण येताना हवेला फारसं तापवत नाही. ते जमिनीला तापवतं. जमीन मग तव्यासारखी खालून हवेला तापवते. म्हणून जमिनीपाशी ऊब आणि वर जावं तसा गारवा. खालची ऊबदार हवा हलकी होते, वर जाते, धूरही तिच्याबरोबर जातो, पांगतो. हा झाला दुपारचा धडा. यात तू बरोबर आहेस, दहापैकी दहा.

आता रात्रीचा धडा, जो तू शाळेतही झोपून काढलास. सूर्य गेला की जमीन आपली ऊब वर आकाशात टाकत राहते. ढग असले तर थोडी परत मिळते, हवेतली वाफ थोडी धरून ठेवते. पण थंडीत आकाश लख्ख, हवा कोरडी, वारा पडलेला. जमीन गारठते, तिला टेकलेली हवा गारठते, आणि दोन्ही डोंगरउतारांवरून गार हवा घरंगळत येऊन खोऱ्याच्या तळाशी साचते. तिच्या वर असतो ऊबदार हवेचा थर. गार हवा जड, ती वर कशाला जाईल? हवा हलायचीच बंद होते. पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. आमचे साहेब म्हणतात झाकण. सकाळी माझा फुगा त्या झाकणातून आरपार जातो, कारण त्यात हायड्रोजन आहे. धुरात हायड्रोजन नाही. तो झाकणापर्यंत जातो, निवतो आणि अडकतो.

झाकण कुठे असतं ते सकाळच्या आकड्यांत धडधडीत दिसत होतं. वर जाता जाता तापमान कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागतं तिथे. दुपारच्या आकड्यांत ते नव्हतं, कारण दुपारी जमीन तापते आणि झाकण उडवून लावते. आणि तू, हुशार माणसा, दोन्ही फुग्यांना शेजारी शेजारी बसवून त्यांची सरासरी काढलीस. सकाळचा म्हणतो वर ऊब आहे, दुपारचा म्हणतो वर गारवा आहे, सरासरी म्हणते कुठे काहीच नाही. झाकण गायब! एक पाय विस्तवात, एक पाय बर्फात, आणि तुझं गणित सांगतं माणूस मजेत आहे. अशी सरासरी हवा या खोऱ्यात कुठल्याच दिवशी, कुठल्याच वेळी नसते. ती कुणी कधी छातीत घेतलेली नाही. त्या हवेसाठी तू धुराडं बांधलंस.

आणखी उंच बांधलं असतंस तर धूर झाकणाच्या वरून निघून गेला असता. होतं तेवढंच ठेवलं असतंस तर तो खाली राहिला असता. तू नेमका झाकणाच्या खालच्या अंगाला नेऊन ठेवलास, चढावरच्या खिडक्यांच्या रेषेत. खालच्या गावाची सकाळ स्वच्छ झाली, हे मी नाकारत नाही. तिथे पूर्वी वाळत घातलेले कपडे काळे व्हायचे, आता होत नाहीत. टाळ्या तुला त्याच्याच मिळाल्या. पण बाबांना तू तिथूनच उचललंस आणि वर आणलंस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारखाना सकाळचा बंद ठेवा म्हणावं तर तेही शक्य नाही. काचेची भट्टी विझवली की तडकते, हे बाबाच आपल्याला लहानपणी सांगायचे. म्हणजे धूर हलणार नाही, झाकण हलणार नाही. राहता राहिले बाबा. त्यांना हलवायला तुझं एक वाक्य हवंय. ते अजून आलेलं नाही.

फुगेवाली


२२ डिसेंबर

दादा,

वाक्य मागितलं तर मशीन आलं. हवा शुद्ध करायचं, पांढरंशुभ्र, निळा दिवा लागणारं. मागितला घास आणि दिली पंगतीची वर्णनं, अशातली गत. बाबांनी ते टेबलावर मधोमध ठेवलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. "परदेशी बनावटीचं आहे, दादाने पाठवलं." पुसायला वेगळं फडकं ठेवलंय.

त्याच्यासोबत आलेल्या कागदावर लिहिलंय, दारं-खिडक्या बंद ठेवा. मी बंद केल्या. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर मशीन घूं घूं करत चालू आणि खिडकी सताड उघडी! बाबा खिडकीशी खुर्ची ओढून बसलेले. मी ओरडले, "बाबा, अहो खिडकी का उघडलीत?" तर म्हणाले, "काचेला धुळकट थर बसलाय, बंद केली की धुराडं दिसत नाही." त्या काचेवर थर कसला बसलाय हे सुद्धा त्यांच्या डोक्यात येत नाही. मी बोट फिरवून काजळी दाखवली. म्हणाले, "खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांची असेल."

आणि त्या बसून बघण्याचं तरी काय सांगू! सकाळी धूर आडवा होऊन त्यांच्याकडे येत असतो आणि ते कौतुकाने बघत असतात. खोकतात आणि बघतात. मला राग त्यांचा येत नाही. म्हणजे येतो, पण तुझा जास्त येतो.

वहिनींचा फोन आला होता. गोड बोलल्या. बाबांची चौकशी केली, माझ्या गुडघ्याची केली, वेधशाळेतल्या मांजरीचीसुद्धा केली. मग हळूच म्हणाल्या, "यांना सध्या त्या धुराड्याबद्दल काही बोलता यायचं नाही हो. दुसऱ्या एका खोऱ्यात तसंच काम मिळतंय. आत्ता चूक म्हटलं तर कुठून कुठे जाईल." मी म्हटलं, "वहिनी, मी पेपरात छापा म्हणत नाहीये. बहिऱ्या बापाच्या कानात सांगा म्हणतेय." तर म्हणाल्या, "तुमच्या बाबांच्या पोटात काही राहतं का? ते गावभर सांगतील." हे मात्र खरं आहे. तुझं कौतुक गावभर सांगून सांगूनच त्यांची धाप वाढलीय.

दुसऱ्या खोऱ्यात! तिथे सकाळी फुगा सोडणारं कुणी आहे का रे? की तिथेही सरासरीच?

मशीन चालू आहे. बाबा खोकतायत. तू फोन उचलत नाहीस.

फुगेवाली


९ जानेवारी

दादा,

बाबा दवाखान्यात आहेत. जिवंत आहेत, घाबरू नकोस. म्हणजे घाबर. तुला घाबरवायलाच लिहितेय.

काल सकाळी या थंडीतलं सगळ्यात दाट झाकण होतं. डबीने पाठवलेले आकडे बघून साहेबसुद्धा खुर्चीतून उठले. खोऱ्याच्या तळाशी बोटं वाकत नव्हती इतकी थंडी आणि धुराड्याच्या टोकाच्या जरा वर चक्क स्वेटर काढावा अशी ऊब. मी खिडकीतून चढाकडे बघितलं तर वस्ती दिसत नव्हती. फोन केला, बाबांना घंटा ऐकू येत नाही. मावशींना केला, त्या घरात नव्हत्या. मी सायकल काढली.

दादा, घर रिकामं होतं. मशीन चालू, निळा दिवा लागलेला, खुर्ची रिकामी. मी खोल्या बघितल्या, मोरी बघितली, हाका मारल्या. हाका कशाला मारल्या मी, त्यांना ऐकू थोडंच येणार होतं? मग जिन्यात त्यांची एक चप्पल दिसली. वरच्या पायरीवर.

ते गच्चीवर होते. धाप लागली म्हणून ते वर चढले होते. कळतंय का तुला? धाप लागलेला म्हातारा माणूस, कठडा धरून धरून, एकेका पायरीवर बसून, गच्चीवर चढला. का? कारण जेवढं उंच तेवढी हवा शुद्ध. दादाने सांगितलंय. माणूस गुदमरला की दारं-खिडक्या उघडतो, बाहेर पळतो, खाली पळतो. आपले बाबा तुझ्या शब्दाचं बोट धरून धुरात चढले. टाकीला पाठ लावून बसले होते, तोंड उघडं, डोळे पांढरे, आणि धूर असा की त्यांचा शर्ट मला आधी दिसला, चेहरा नंतर.

मी त्यांना पाठीवर घेतलं. कसं, ते विचारू नकोस. खाली मावशी भेटल्या, त्यांनी पाय धरले. रिक्षा मिळेपर्यंत मी रस्त्यावर उभी राहून तुला शिव्या देत होते. मोठ्याने. लोक बघत होते. बघू देत.

आता नाकात नळी आहे. मी उशाशी बसून हे लिहितेय. तुला हवेतले घटक तोंडपाठ होते ना? मोठा भाग नायट्रोजन, पाचातला एक भाग ऑक्सिजन, उरलेल्या चिमटीत बाकीचे सगळे. तो पाचातला एक भाग समुद्रावर तेवढाच, डोंगरावर तेवढाच, राजाला तेवढाच, भिकाऱ्याला तेवढाच. फुग्याबरोबर जाणारी डबी पार स्थितांबरापर्यंत गेली, हवा विरळ विरळ होत गेली, तरी वाटणी तीच. आणि एवढ्या मोठ्या हवेच्या समुद्राच्या तळाशी राहून बाबांना तो एक भाग बाटलीतून घ्यावा लागतोय. त्यांच्या वाट्याच्या हवेत तू दुसऱ्याच गोष्टी घातल्यास.

डॉक्टरीणबाई आज माझ्यावर चिडल्या. "मी तुम्हाला महिन्यापूर्वी सांगितलं होतं. तुम्ही शिकलेल्या ना?" मी काय सांगू? की माझ्या बापाला माझं पटत नाही? मान खाली घालून ऐकून घेतलं. तुझ्या वाटचं मी ऐकून घेतलं, दादा. लहानपणापासून घेत आलेय, पण आता पुरे.

संध्याकाळी बाबांना जरा बरं वाटलं. पहिलं वाक्य काय असेल? शेजारच्या कॉटवरच्या माणसाला हाताने खूण करून, खिडकीतून धुराड्याचं टोक दाखवत, "ते माझ्या मुलाने केलंय." नळीतून श्वास घेत घेत. तो माणूस बिचारा हो हो म्हणाला. नंतर बाबा मला म्हणाले, "घरी कधी सोडणार? इथे फार खाली आहोत. वर गेलो की मला बरं वाटेल."

ते परत तिथेच जाणार आहेत. मी बांधून ठेवू शकत नाही. पत्र मिळालं की मला फोन कर. वेधशाळेच्या नंबरवर कर, घरी कर, दवाखान्यात कर. हे मागणं आहे, विनंती नाही.


११ जानेवारी

दादा,

तुझा निरोप वहिनींमार्फत मिळाला. 'फार भावनिक होतेय ती. एकदोन वर्षं नीट मोजमाप करून मग बघू.'

बाबांचं एकदोन वर्षं मोजमाप करायचं आहे म्हणतोस?

मशीन मी मावशींना देऊन टाकलं. त्यांच्या घरात तरी खिडक्या बंद राहतात.


१८ जानेवारी

दादा,

तुझा फोन येऊन गेला, हे तुला कळवावं म्हणून लिहितेय.

परवा दवाखान्यातून सोडायचं ठरलं. बाबा सकाळपासून कपडे घालून कॉटवर बसलेले. पिशवी मांडीवर. "रिक्षावाल्याला सांग, चढावर पहिल्या गिअरमध्ये घे, मला धक्के सोसत नाहीत." डॉक्टरीणबाई दारात उभ्या. माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मीच बाबांना मारायला घेऊन चाललेय. मी परत एकदा सांगून बघितलं. हात जोडले. बाबा, थंडीपुरतं चला माझ्याकडे. पालथ्या घड्यावर पाणी. म्हणाले, "तुझं आपलं ते फुगे आणि आकडे. दादाला विचारल्याशिवाय मी घर सोडणार नाही. त्याला काय वाटेल? त्याने एवढं हौसेने बांधलं."

तेव्हा मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "बाबा, दादाचा फोन आला होता."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "कधी?" मी म्हटलं, काल, वेधशाळेत. "काय म्हणाला?"

काय म्हणालास ते आता नीट वाच, कारण तुला ते पाठ करायचं आहे. तू म्हणालास, बाबांना सांग, माझा हिशेब चुकला. मी सकाळची आणि दुपारची हवा एकत्र केली, तसं करायला नको होतं. थंडीत सकाळी खोऱ्यावर झाकण बसतं आणि धूर त्याच्याखाली आडवा होऊन आपल्याच घरात शिरतो. तिथली हवा मी समजलो होतो तशी नाही. बाबांनी क्षणभर तिथे राहू नये, ताबडतोब फुगेवालीकडे जावं. हे सगळं तू मोठ्या आवाजात, अडखळत सांगितलंस. दोनदा म्हणालास, माझी चूक झाली.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, पकडली गेले. मला खोटं बोलता येत नाही, लहानपणी खोटं तू सांगायचास आणि मार मी खायचे. पण त्यांनी वेगळंच विचारलं. "आवाज कसा होता त्याचा?"

मी म्हटलं, "रडत होता."

दादा, त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मग म्हणाले, "चल. तुझ्याकडे चल." बस्स. एवढंच. दीड महिना मी घसा फोडत होते, आकडे मांडत होते, काजळी दाखवत होते, पाठीवर वाहून आणलं. आणि तू न केलेल्या एका फोनवर ते उठून उभे राहिले.

रिक्षात काय म्हणाले ते तुझ्या कौतुकासाठी सांगते. म्हणाले, "बघ. माणूस मोठा असतो तो असा. एवढा नावाजलेला इंजिनिअर, पण चूक झाली तर सरळ सांगितली. तुझ्यासारखं नाही, सारखं आपलंच खरं. शीक जरा त्याच्याकडून." मी बाहेर रस्त्याकडे बघत बसले. रिक्षावाल्याला आरशात माझं तोंड दिसलं असावं, त्याने विचारलं, ताई, पाणी हवं का?

आता ते माझ्या पुढच्या खोलीत आहेत. काल अंगणात दोन फेऱ्या मारल्या. आज सकाळी मी फुगा सोडताना दारात उभे राहून बघत होते, खोकला नव्हता. साहेबांना सांगत होते की झाकण म्हणजे काय. "माझ्या मुलाने शोधून काढलं," म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी दोरी सोडत राहिले.

ते तुला कधी भेटतील तेव्हा या फोनबद्दल विचारतील. हो म्हण. खाली मान घालून हो म्हण आणि वर एक शब्द बोलू नकोस. नाही म्हणालास तर ते पुन्हा चढावर जाऊन बसतील आणि त्या वेळी मी तुला पत्र लिहिणार नाही, मी त्या दुसऱ्या खोऱ्यातल्या लोकांना लिहीन. सकाळचे आकडे माझ्याकडे सगळे आहेत.

बाबांनी तुला निरोप दिलाय. शब्द त्यांचेच आहेत, मी त्यात काही घातलेलं नाही. "त्याला लिही, चुका सगळ्यांच्या होतात. मनाला लावून घेऊ नकोस म्हणावं. माझा त्याच्यावर जरासुद्धा राग नाही. आणि फोनवर असं रडू नये, घरातल्या मुलांनी ऐकलं तर घाबरतील."

तर बाबांनी तुला माफ केलंय. मी केलेलं नाही.